भिवंडीत कॅनडावर बोलताना

भिवंडीला कोणी फिरायला जात नाही. मीही कधी गेले नव्हते. माझी धाकटी बहीण माधवी लग्न होऊन तिथे गेली, तिथल्या शाळेत शिकवून आता निवृत्तीला आली, तरी मी भारतात आले की मिरजेच्या माहेरी जायची, पुण्याला जायची, आणि तिलाच फोन करून म्हणायची, "तूच ये ना गं दोन दिवस." या जानेवारीत मात्र गेले, कारण तिथून बोलावणं आलं होतं. व्याख्यानाचं.

मी राहते कॅनडातल्या हॅमिल्टनला. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात बरीच वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर इंटरनेटवर मराठीतून एक कार्यक्रम सुरू केला. दर आठवड्याला कॅनडाचं राजकारण आणि जगाच्या घडामोडी. माझा कल कुठे आहे ते मी लपवत नाही. घरभाडी वाढली तर सरकार दोष विद्यार्थ्यांना आणि स्थलांतरितांना देतं, मूळनिवासींची जमीन अजून त्यांच्या हाती येत नाही, गाझात मुलं मरत असताना आमचे मंत्री शब्द मोजून बोलतात, अशा गोष्टी मी तावातावाने सांगते. ऐकणारे फार नाहीत, पण जे आहेत ते चिवट आहेत.

माधवीचे यजमान दिलीपराव तिथल्या एका छोट्या वाचनालयाचे चिटणीस. वाचनालयाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. त्यांच्या वार्षिक व्याख्यानमालेत मी 'कॅनडा आणि आजचं जग' यावर बोलावं, असं त्यांनी ठरवलं. मला आनंद झाला. खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटली.

धामणकर नाका

हॅमिल्टनहून मी निघाले तेव्हा खिडकीबाहेर कंबरभर बर्फ होता. भिवंडीत उतरले तर दुपारी पंखा लावावा लागला. पहिल्याच दिवशी धुळीने घसा खवखवायला लागला. माधवी म्हणाली, "खडीसाखर आणि ज्येष्ठमध आणते." मी म्हटलं, मीच जाऊन येते, तेवढंच गाव बघणं होईल.

शेअर रिक्षात मागे तीन बायका आधीच होत्या, चौथी मी. चालकाने विचारलं, "नाका?" मी म्हटलं, "नाका." भिवंडीत प्रत्येक चौक हा कुठला ना कुठला नाकाच असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याने मला धामणकर नाक्यावर सोडलं. डोक्यावरून उड्डाणपूल, खाली कापडाचे तागे लादलेले टेम्पो, प्रत्येकजण हॉर्नवर हात ठेवूनच जन्मल्यासारखा. आमच्याकडे कोणी हॉर्न वाजवला तर तो शिवी दिल्यासारखा असतो. इथे तो 'मी आहे बरं का' एवढंच सांगतो. गल्ल्यांतून यंत्रमागांची खटखट येत होती, ती हॉर्नच्याही खालून ऐकू यायची.

मी माधवीला फोन लावून ओरडत होते, "अगं, मी नक्की कुठे आहे तेच मला कळत नाहीये!"

शेजारी फळांच्या गाडीवर उभी असलेली एक मुलगी गर्रकन वळली. डोक्याला फिकट निळा रुमाल, खांद्यावर कापडी पिशवी.

"तुम्ही हॅमिल्टनच्या ना? माधवीबाईंच्या ताई?"

"तू कसं ओळखलंस?"

"आवाजावरून!" ती इतकी हसली की पेरूवाला पण हसायला लागला. "दर रविवारी कानात असता तुम्ही माझ्या."

ती तस्नीम. एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. आठवी ते दहावी माधवीच्या हाताखाली शिकलेली, आणि पुढे मराठी घेऊनच एम. ए. केलेली. रविवारच्या व्याख्यानात माझी ओळख करून देणार होती ती हीच. दिलीपरावांनी तिलाच सांगितलं होतं, कारण माझा प्रत्येक भाग ऐकलेली गावात ती एकटीच. माधवीसुद्धा ऐकता ऐकता अधूनमधून झोपायची, हे तिने नंतर कबूल केलं.

"मावशी, आता आलाच आहात तर घरी चला. पाच मिनिटांवर आहे. अम्मीला सांगितलं की तुम्ही रस्त्यात भेटलात आणि मी तुम्हाला तसंच सोडून दिलं, तर मला घरात घेणार नाही."

कॅनडात कोणाकडे जेवायला जायचं तर दोन आठवडे आधी तारखा जुळवतात, कोणाला काय चालत नाही ते विचारतात. इथे मी खडीसाखर घ्यायला निघाले होते आणि अर्ध्या तासात माझ्या पुढ्यात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं.

तस्नीमचं घर पुढे आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये माग. भिंत एकच. जेवताना पेल्यातलं पाणी हलकं थरथरत होतं. तिचे वडील इब्राहिमभाई इथल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले, आजोबांपासून मागवाले. माग थोडेच, पण स्वतःचे. पांढरी बंडी, कानामागे पेन्सिल. दिलीपरावांची आणि त्यांची रोज सकाळी चहाच्या टपरीवर गाठ पडते, असं त्यांनी सांगितलं.

"ताई, तुमचा शेजारी अमेरिकावाला, त्याचा काय इचार हाय?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं.

मी सांगितलं, की तो आमच्या देशाला आपलं एक्कावन्नावं राज्य करायचं म्हणतो, आमच्या लोखंडावर, लाकडावर कर लावतो.

"आमच्या कापडावर बी लावलाय. बडे एक्स्पोर्टवाले ऑर्डर घेत न्हाईत, म्हणून खालचा माल उठत न्हाय. एक शिफ्ट बंद हाय माझी. यूपीचे दोन कारागीर गावाला निघून गेले." ते हसले. "म्हंजे तुमी तिकडं नि आमी हिकडं, पन दळतोय एकाच जात्यात."

"आमच्याकडे लोकांनी अमेरिकन संत्री घेणं सोडलंय," मी म्हटलं.

"आमी काय सोडावं? त्याचं काय घेतच न्हाय आमी!"

तस्नीम मला कॅनडाबद्दल विचारत राहिली. अल्पमतातलं सरकार इतके दिवस कसं टिकतं, प्रांतांना एवढे अधिकार का. मग म्हणाली, "तुमचा तो क्युबेक प्रांतावरचा भाग मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवला. ज्या शिक्षिकांना डोक्यावर रुमाल बांधून शिकवायला मनाई झाली, तो. रविवारी त्याबद्दल बोलाल ना?"

"बोलेन की. नक्की बोलेन," मी म्हटलं.

रविवार

सकाळी आम्ही पोहे खात होतो. दिलीपरावांचा फोन वाजला. ते गॅलरीत गेले आणि बराच वेळ फक्त "हो, हो" म्हणत राहिले. परत आले ते खुर्चीत न बसता खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"ताई, एक छोटासा बदल आहे. ओळख तस्नीम करून देणार नाही. आमच्या कार्यकारिणीतल्या वर्तकबाई करतील."

"का?"

"अध्यक्षांचा फोन होता. एक-दोन देणगीदारांनी विचारलं म्हणे. व्यासपीठावर सरस्वतीची प्रतिमा असते, दीपप्रज्वलन असतं, पेपरात फोटो येतो. डोक्याला ते बांधून... म्हणजे तसं कोणाच्या मनात काही नाही, पण सध्या लोक कशावरून काय काढतील सांगता येत नाही. तिला पहिल्या रांगेत बसवू म्हणाले."

मी ताटली बाजूला सारली. "मग मी येत नाही."

"ताई," दिलीपराव अगदी हळू म्हणाले, "मी या गावात लहानपणी कर्फ्यू पाहिलाय. आम्ही सगळे फार जपून राहतो हो. कॅनडावर तुम्ही हवं ते बोला, कोणी अडवणार नाही. इथलं तेवढं राहू द्या."

माधवी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं परतीचं तिकीट आहे. आम्हाला इथेच राहायचंय."

मी थोडा वेळ तणतणले. मग मनाशी ठरवलं, जाते तर खरी. व्यासपीठावर गेल्यावर माईक माझ्या हातात असेल. तेव्हा बोलेन. हे ठरवल्यावर मला बरं वाटलं, इतकं की मी उरलेले पोहे खाल्ले. तस्नीमला कळवायचं काम माधवीने घेतलं. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. तस्नीमचा नंबर माझ्याकडेही होता. मी फोन केला नाही.

संध्याकाळी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत देणगीदार बसले होते, दुसऱ्या रांगेत त्यांच्या घरची मंडळी. तस्नीम तिसऱ्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीवर. तोच निळा रुमाल. मला पाहून तिने मान हलवली.

वर्तकबाईंनी ओळख करून दिली. "परदेशात राहून परक्या माणसांच्या दुःखाबद्दल मराठीत बोलणारा हा आवाज ऐकला, की आपली भाषा किती लांबवर पाहू शकते ते कळतं," असं काहीसं. वाक्यं चांगली होती, आणि बाई ती जिथे थांबायला हवं तिथे न थांबता वाचत होत्या. मी तस्नीमकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, बाईंच्या एक शब्द पुढे. तेव्हा मला कळलं की हा मजकूर कोणाचा.

माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी उभी राहिले.

मी चांगलं बोलले. हे सांगताना मला लाज वाटते, पण त्या दिवशी मी फार चांगलं बोलले. अमेरिकेच्या दादागिरीवर बोलले, घरं नसलेल्यांवर बोलले, मूळनिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत कोंडलं त्यांवर बोलले तेव्हा एक आजी डोळे पुसत होत्या. मग क्युबेक आलं. मी सांगितलं, एका प्रांताने कायदा केला, की सरकारी शाळेत शिकवणाऱ्या बाईने डोक्यावर रुमाल बांधायचा नाही. बाई चांगली शिकवते का, मुलांना आवडते का, कोणी विचारलं नाही. फक्त डोकं पाहिलं.

हीच ती जागा होती. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं: 'आणि आज इथे, याच व्यासपीठावर.' मी दिलीपरावांकडे पाहिलं. ते बाजूच्या खुर्चीत हात जोडल्यासारखे गुडघ्यांत धरून बसले होते. माधवी मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. आणि मी म्हटलं, "अशा वेळी कॅनडातली भली माणसं गप्प बसली, याची मला एक नागरिक म्हणून शरम वाटते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षही टाळ्या वाजवत होते.

शेवटी प्रश्न आले. मुलाला कॅनडाला पाठवावं का, तिथे डाळ मिळते का. मग तिसऱ्या रांगेतून हात वर आला.

"त्या शिक्षिकांबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या बायका होत्या ना," तस्नीम उभी राहून म्हणाली. आवाज शांत, वर्गात शिकवताना असावा तसा. "त्यांनी काय केलं?"

मी म्हटलं, "काहींनी निषेध केला. एका गावात तर पालकांनी आणि शिक्षकांनी शाळेच्या कुंपणाला हिरव्या फिती बांधल्या." लोकांना फिती आवडल्या. पुन्हा टाळ्या पडल्या. तस्नीम टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली.

"आणि ती शिक्षिका तिच्या वर्गात परत आली का?"

"नाही," मी म्हटलं.

"थँक्यू," ती म्हणाली आणि खाली बसली.

चहाच्या वेळी मी तिला शोधलं. ती गेली होती. शाल अजून माझ्या खांद्यावर होती.

वज्रेश्वरी

दुसऱ्या दिवशी माधवीने वज्रेश्वरीचा बेत आधीच आखलेला होता, म्हणून आम्ही दोघी गेलो. एसटी गाव सोडून बाहेर पडली की माग आणि गोदामं मागे राहतात आणि भाताची कापलेली खाचरं लागतात. पायऱ्या चढून देवीचं दर्शन घेतलं. खाली येऊन पेढे घेतले आणि गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. गंधकाचा वास, वाफा, आणि काठावर पाय सोडून बसलेल्या बायका. हॅमिल्टनला असं कुंड असतं तर भोवती काचेची भिंत आणि दाराशी तिकीट असतं. इथे एक म्हातारी स्वतःचे कपडे धुता धुता मला सांगत होती, "आधी टाचा बुडवा बाय, मग पाय. एकदम घालाल तर भाजाल."

आम्ही टाचा बुडवल्या. मी बरंच काही बोलले. तुझी विद्यार्थिनी, तुझ्या हाताखाली शिकलेली, तिला फोन करताना तुला काहीच वाटलं नाही का? दिलीपराव चिटणीस आहेत, एवढंही करू शकत नव्हते का?

माधवीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? तुझा तो कार्यक्रम मराठीत का करतेस?"

"आपल्या लोकांसाठी."

"तू तिथल्या मंत्र्याला भित्रा म्हणतेस, खोटारडा म्हणतेस. त्याला मराठी येतं का? तुझ्या शेजाऱ्याला येतं का? तिथे तू काय बोलतेस हे तिथल्या कोणालाच कळत नाही. म्हणून तुला भीती वाटत नाही." तिने टाचा पाण्याबाहेर काढल्या. "काल पहिल्यांदा तू अशा ठिकाणी होतीस, जिथे प्रत्येकाला तुझा शब्द न् शब्द कळत होता. मग काय केलंस?"

म्हातारीने पिळलेलं लुगडं झटकलं, त्याचे थेंब आमच्या अंगावर आले.

"आणि मला काही वाटलं नाही म्हणतेस," माधवी म्हणाली, आणि आता ती रडत होती. "मी फोनवर बोलायच्या आधीच ती म्हणाली, 'ठीक आहे बाई, मला वाटलंच होतं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.' तिने माझीच समजूत घातली गं."

पेढे आम्ही उघडलेच नाहीत. एसटीत दोघी खिडकीबाहेर बघत बसलो.

मागाच्या भिंतीशी

त्यानंतर मी एकटी तस्नीमच्या घरी गेले. या वेळी रिक्षावाल्याला नाक्याचं पूर्ण नाव सांगितलं. तिची शाळा सुटली होती. तिने स्वयंपाकघरातच बसवून चहा केला, बिस्किटं दिली, सगळं रीतीप्रमाणे. अम्मी आतल्या खोलीत होत्या. मागे एकच माग चालू असावा, कारण आवाज पातळ होता.

मी माफी मागितली. मी काय ठरवलं होतं, कुठे थांबले, का थांबले, ते सगळं सांगितलं.

तिने ऐकलं आणि कप खाली ठेवला. "मावशी, तुम्ही मनापासून बोलताय, ते दिसतंय. पण जे झालं ते हॉलमध्ये झालं. एवढ्या लोकांसमोर. आणि माफी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात येऊन मागताय."

"मग मी काय करू?"

"ते मला नका विचारू." ती रागावली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. "तुम्ही कार्यक्रमात सांगता ना, ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच उपाय विचारू नये? एकोणिसाव्या का विसाव्या भागात."

मी निघताना तिने रिक्षापर्यंत सोबत केली. रस्त्यात तिने शाळेतल्या एका मुलीचा निबंध सांगितला, आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, सगळं ठीक झालं. माझी ही सवयच आहे, कोणी हसलं की मला ठीक झाल्यासारखं वाटतं.

वाचनालयात

संध्याकाळी वाचनालयात पेपर वाचायला मंडळी येतात. लांब टेबल, काठीला अडकवलेले पेपर, ट्यूबलाइट. त्या दिवशी अध्यक्षही होते. कापडाचे व्यापारी, बोलायला अतिशय मृदू. मला पाहून ते उठले, "या ताई, तुमच्या भाषणाची अजून चर्चा चालू आहे."

मी बसले नाही. दिलीपरावांना मी काही सांगितलं नव्हतं. ते कपाटाशी पुस्तकं लावत होते. मी म्हटलं, "त्या दिवशी माझी ओळख तस्नीमने लिहिली होती आणि तीच करून देणार होती. तिच्या डोक्यावरच्या रुमालामुळे तिला बाजूला केलं. मला ते सकाळीच माहीत होतं. तरी मी व्यासपीठावर आले आणि क्युबेकच्या नावाने टाळ्या घेतल्या. हे चुकीचं झालं. तुमचंही आणि माझंही."

माईकवर इतकी वर्षं बोलून मला हे माहीत नव्हतं, की साध्या खोलीत, साध्या आवाजात चार माणसांना एक गोष्ट सांगणं इतकं अवघड असतं.

अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही पाहुण्या आहात. आमच्या कोणाच्या मनात काही नाही. ती शाळेत असताना निबंधस्पर्धेचं बक्षीस मी स्वतः तिला दिलंय."

"मग व्यासपीठावर का नाही?"

"वेळ बघावी लागते."

"आमचे मंत्रीही हेच म्हणतात."

"मग तुमच्या मंत्र्यांना सांगा की!" ते हसत म्हणाले. टेबलावरचे एक-दोघे हसले.

एका वृद्ध गृहस्थांनी पेपर खाली केला. "माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती पोर इथे बसून मला पेपर वाचून दाखवायची," ते म्हणाले. "मला कोणी विचारलं नाही या बाबतीत." आणि त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

दिलीपराव कपाटाशी तसेच उभे होते, हातात पुस्तकांची चवड. घरी येताना ते माझ्यापुढे चार पावलं चालत होते.

मी रस्त्यातूनच तस्नीमला फोन केला. सांगितलं. मला वाटलं होतं, ती निदान 'बरं केलंत' म्हणेल.

ती म्हणाली, "दिलीपकाकांचं काय होईल आता? तुम्ही त्यांना विचारलं होतं?"

पडघा

भिवंडीहून मला नाशिकला आत्याकडे जायचं होतं. दिलीपराव सोडायला आले, मी नको म्हणत असताना. पडघ्याला गाडी थांबवली. महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं, इतकी मोठी की एकेकात आमचं अख्खं ग्रंथालय मावेल. मधल्या शेतांत वालाच्या शेंगा लागलेल्या. ट्रकवाल्यांच्या गर्दीत आम्ही भजी आणि चहा घेतला. भजी उत्तम होती. दिलीपराव वाचनालयाच्या प्रसंगानंतर माझ्याशी दोन-चार वाक्यंच बोलले होते.

"मला चिटणीसपदावरून कमी केलं," ते म्हणाले. "प्रकृतीच्या कारणास्तव, असं फळ्यावर लिहिलंय. माझी प्रकृती चांगली आहे."

मी काही म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"मला बरं वाटतंय असं मी म्हणणार नाही, ताई. आयुष्य गेलं त्या टेबलाशी. तुम्ही बोललात ते खरं होतं. पण ते मी बोलायचं होतं, आणि तुम्ही बोलून मोकळ्या झालात. आता मी नंतर काहीही केलं तरी लोक म्हणणार, मेहुणीने भरीस घातलं."

चहा निवत होता. मग ते म्हणाले, "काल इब्राहिमच्या घरी गेलो होतो. रोज टपरीवर भेटतो आम्ही, इतकी वर्षं. घरी मी पहिल्यांदा गेलो. ठाऊक आहे का तुम्हाला, मला त्याचं घर शोधावं लागलं."

"तस्नीम भेटली?"

"इब्राहिम म्हणाला, आलात ते बरं केलंत, पन पोरगी घरी न्हाय. मी तासभर बसलो. ती काही आली नाही. निघताना तिची चप्पल दाराशीच होती."

आत्याकडे पोचेपर्यंत त्यांनी मला रस्त्यातल्या गावांची नावं सांगितली, चांगल्या यजमानासारखी.

हॅमिल्टन

परतल्यावर पहिल्या रविवारी मी माईकपुढे बसले आणि उठले. दुसऱ्या रविवारीही तेच. कशावर बोलू? कॅनडाच्या संसदेत कोण कसं गप्प बसलं, यावर? शेवटी वाटलं, भिवंडीतली हकिकत जशी घडली तशी कार्यक्रमात सांगावी, स्वतःला न सोडता. पण या वेळी आधी विचारायचं शिकले होते. तस्नीमला फोन केला.

माग ऐकू येत होते, दाट. "दुसरी शिफ्ट सुरू झाली?" मी विचारलं.

"झाली. एक कारागीर परत आला." मग मी माझं विचारलं. ती म्हणाली, "नको मावशी. कार्यक्रमात नको."

"तुझं नाव नाही घेणार."

"नावाचं नाही. तुम्ही फार छान सांगाल. ऐकून लोकांना रडू येईल, मग खाली लिहितील, 'ताई, किती प्रामाणिक आहात!' आणि तुम्हाला बरं वाटेल. मला नाही वाटत ते व्हावं."

मी म्हटलं, "बरं."

"लिहायचं तर लिहा. पण त्यात तुम्ही शेवटी काहीतरी शिकलात, असं नका लिहू."

म्हणून हे लिहिलंय. तिचं नाव बदललं आहे, आणि बाकीच्यांचीही. दिलीपराव आता वाचनालयात जात नाहीत. तस्नीम जाते. आठवड्यातून दोनदा जाते, त्याच लांब टेबलाशी बसून पेपर वाचते, असं माधवी सांगते. तिच्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा रिकामीच असते.